साठ हजारांची पुडी किती आठवडे घ्यायची?

गेल्या अंकात या सदरात गुडघेदुखीवर लिहिले होते. पत्रे मात्र आली ती बहुतेक जीवनसत्त्वांच्या गोळ्यांवर. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या वाचकांच्या स्वयंपाकघरात आज मिसळणाच्या डब्याशेजारी गोळ्यांचाही एक डबा असतो आणि त्यातली कोणती गोळी कशासाठी, हे घरात कोणालाच नक्की सांगता येत नाही, असे ती पत्रे वाचताना जाणवले. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. तोच प्रश्न विचारणाऱ्या इतर वाचकांनी आपले उत्तर त्यांतच पाहावे.

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील निवृत्त शिक्षिका आहे, वय ५८. दोन वर्षांपूर्वी अंगदुखीसाठी तपासणी केली तेव्हा ‘ड’ जीवनसत्त्व १४ (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) आले. डॉक्टरांनी या जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटांची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे दुधातून घ्यायला सांगितली. बरे वाटले म्हणून मी ती आजतागायत दर रविवारी घेते. दुकानात मागितली की मिळते. अलीकडे बद्धकोष्ठ झाले आहे आणि तहान फार लागते. दोहोंचा संबंध असेल का? आणि गोव्यासारख्या उन्हाच्या मुलखात हे जीवनसत्त्व कमी पडतेच कसे?

उत्तर : पुडी आजच थांबवावी. दोन-चार दिवसांत रक्तातील कॅल्शियम, क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते), साखर आणि ‘ड’ जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्यावी व अहवाल आपल्या डॉक्टरांना दाखवावा. साखर मुद्दाम सांगतो, कारण तहान मधुमेहानेही लागते, आणि एका कारणाचा संशय आला की दुसरे नजरेआड होते, हा आम्हा डॉक्टरांचाही जुना दोष आहे.

आता हिशेब पाहा. आठवड्याला साठ हजार युनिट म्हणजे दिवसाला साडेआठ हजारांहून अधिक झाले. रोजची गरज सहाशे ते आठशे युनिटांची असते आणि वैद्यकीय देखरेखीशिवाय रोज चार हजारांच्या वर जाऊ नये, अशी सर्वसाधारण मर्यादा मानली जाते. आपण दोन वर्षांत साठ लाखांहून अधिक युनिट घेतली आहेत. पातळी १४ असताना आठ आठवडे मोठी मात्रा देणे योग्यच होते. पण विहीर आटली म्हणून टँकर मागवला, तर विहीर भरल्यावर तो थांबवावाही लागतो. ‘ब’ आणि ‘क’ ही पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे जास्त झाली तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातात. ‘ड’ तसे नाही. ते चरबीत साठते आणि औषध थांबवल्यानंतरही कित्येक आठवडे, कधी काही महिने शरीरात रेंगाळते. ते फार वाढले की आतड्यांतून कॅल्शियम गरजेपेक्षा जास्त शोषले जाते, रक्तातील कॅल्शियम चढते, आणि त्यातून तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठ, मळमळ, पुढे मूतखडा व मूत्रपिंडाची दुखापत असा क्रम सुरू होऊ शकतो. आठवड्याला साठ हजार घेऊनही पुष्कळांचे कॅल्शियम बिघडत नाही, हेही खरे. म्हणून घाबरून न जाता तपासणी करावी. तिचे आकडे ठीक आले तर पुढे रोजची लहान मात्रा घ्यायची की काहीच नाही, हे डॉक्टर ठरवतील.

उन्हाविषयीचा आपला प्रश्न मला विशेष आवडला, कारण त्याचे उत्तर आपल्या राहणीत आहे. पणजी विषुववृत्तापासून साडेपंधरा अंशांवर आहे, तेव्हा ऊन कमी नाही. आपण त्यात कमी असतो. त्वचेखाली हे जीवनसत्त्व तयार होण्यासाठी सूर्यप्रकाशातील ज्या अतिनील किरणांची गरज असते ते कोवळ्या उन्हात फार थोडे पोहोचतात. सकाळी सात वाजता तुळशीवृंदावनापाशी उभे राहणे मनाला चांगले, हाडांना त्याचा उपयोग थोडाच. आपली सावली आपल्या उंचीहून आखूड पडते, म्हणजे साधारण दहा ते तीन या वेळात, तेव्हा हात व पाय उघडे ठेवून उन्हात थांबले तर काम होते. आणि त्या वेळात तर आपण सगळेच पंख्याखाली असतो. काचेच्या खिडकीतून हे किरण आत येत नाहीत. गडद त्वचेला गोऱ्या त्वचेपेक्षा जास्त वेळ लागतो. सत्तरीतील त्वचा विशीतील त्वचेच्या निम्म्याहूनही कमी जीवनसत्त्व तयार करते. शिवाय जून ते सप्टेंबर आपल्याकडे आभाळ भरलेले असते. पूर्वी नारळाच्या बागेत, मिठागरात, मळ्यात काम करणाऱ्यांना या जीवनसत्त्वाचे नावही ठाऊक असण्याची गरज नव्हती.

आणखी एक गोष्ट. प्रयोगशाळेच्या छापील अहवालात २० च्या खाली ‘कमतरता’ आणि २० ते ३० ‘अपुरे’ असे लिहिलेले असते, त्यामुळे २४ आकडा आलेला माणूसही आजारी असल्यासारखा पुड्या आणायला धावतो. ज्या अमेरिकी अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०११ मध्ये ३० ची रेषा आखली, तिनेच २०२४ मध्ये ती मागे घेतली आणि निरोगी प्रौढांनी ही तपासणी सरसकट करू नये, असे सुचवले. अमेरिकेतच २५,८७१ स्त्री-पुरुषांवर एक मोठा प्रयोग झाला. पुरुष पन्नाशीचे व त्यापुढचे होते, स्त्रिया पंचावन्न व त्यापुढच्या. त्यांतील निम्म्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज २,००० युनिट ‘ड’ जीवनसत्त्व दिले गेले. २०२२ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हाड मोडण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच निघाले. यातून हे जीवनसत्त्व निरुपयोगी आहे असा अर्थ काढू नये; त्या लोकांची सरासरी पातळी आरंभीच तीसच्या आसपास होती, म्हणजे त्यांना उणीव नव्हतीच. आपल्याला ती होती. आपला आजार खरा होता आणि उपचारही खरा होता, फक्त तो संपल्याचे कोणी सांगितले नाही.

प्रश्न : साखळीजवळच्या गावात राहणारा मी ६४ वर्षांचा शुद्ध शाकाहारी. दूध प्यालो की पोट फुगते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि थायरॉइडची गोळी चालू आहे. मासळी खाणाऱ्यांना कॅल्शियम मिळते, आमचे काय? घरी नाचण्याचे तिझन (नाचणीची पातळ खीर) आणि तांबडी भाजी (लाल माठ) नेहमी असते. शिवाय ‘ब-१२’ घेतल्याने हाडे बळकट होतात असे ऐकले.

उत्तर : भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढाला दिवसाला १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते आणि पाळी थांबलेल्या स्त्रीला १,२००. शंभर मिलिलिटर दुधात ते साधारण १२० मिलिग्रॅम असते, दह्यातही जवळपास तितकेच. दूध न सोसणाऱ्या बहुतेकांना दही आणि ताक सोसते, कारण विरजताना त्यातील दुग्धशर्करा बरीच कमी होते. ताक मात्र ताकच असावे. एका वाटी दह्यात तांब्याभर पाणी घालून केलेल्या पेयात कॅल्शियम वाटीभर दह्याचेच राहते.

तिझनाविषयी थोडे सविस्तर सांगतो. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. तांदळात ते जेमतेम दहा. परंतु नाचणीतील बराच भाग दाण्याच्या सालीत असतो, आणि आपण तिझन करताना भिजवलेले नाचणे वाटून पातळ फडक्यातून गाळतो. खाली उतरते ते मऊ सत्त्व, फडक्यात उरतो तो चोथा, आणि चोथा जातो गुरांच्या पुढ्यात. म्हणजे कॅल्शियमचा मोठा वाटा गुरांनाच मिळतो! नाचण्याची भाकरी केली, किंवा मोड आणून वाळवलेल्या नाचण्याचे पीठ न गाळता आंबिलीत घातले, तर हा तोटा होत नाही. मोड आणल्याने कॅल्शियमला धरून ठेवणारा फायटेटही कमी होतो. पन्नास ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत पावणेदोनशे मिलिग्रॅम धरा. तिझनात घालतो तो नारळाचा रस दिसतो दुधासारखा, पण कॅल्शियमच्या बाबतीत त्याचा दुधाशी संबंध नाही. सोलकढी पिणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे.

तांबड्या भाजीत कॅल्शियम भरपूर असले तरी ऑक्झॅलेट त्याला धरून बसते, त्यामुळे कागदावरचा आकडा शरीरात पोहोचत नाही. भाजी जरूर खावी, लोह आणि ‘क’ व ‘के’ जीवनसत्त्वांसाठी. कॅल्शियमसाठी मशिंगाचा, म्हणजे शेवग्याचा पाला, मुळ्याचा पाला आणि कोबी यांच्यावर जास्त विसंबावे. तीळ चांगलेच, पण चमचाभर तिळांनी शंभर मिलिग्रॅमच्या आसपासच भर पडते.

‘ब-१२’ आपण तपासून घ्याच, कारण शाकाहार आणि मेटफॉर्मिन ही दोन्ही त्याच्या कमतरतेची कारणे आपल्याकडे एकत्र आली आहेत. परंतु त्याचा हाडांशी असलेला संबंध आपण समजता तसा सरळ नाही. नेदरलँड्समध्ये ६५ वर्षांवरील सुमारे २,९०० लोकांना दोन वर्षे ‘ब-१२’ आणि फॉलिक ॲसिड देऊन पाहिले, तेव्हा अस्थिभंगाचे एकूण प्रमाण कमी झाले नाही. संबंध आहे तो पायांतून. ‘ब-१२’ कमी पडले की तळपायांना मुंग्या येतात, जमीन कापसासारखी लागते, अंधारात तोल जातो, आणि पडलेल्या माणसाचे हाड मोडते. म्हणून कमतरता असेल तर ती भरून काढायची. नसेल तर लाल रंगाची ती इंजेक्शने हौसेने घेण्यात अर्थ नाही.

कॅल्शियमची गोळी लागलीच तर एक पथ्य पाळा. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर थायरॉइडच्या गोळीचे शोषण बिघडते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यावे लागते. आम्लपित्ताची गोळी रोज घेणाऱ्यांना सायट्रेट अधिक बरे.

प्रश्न : म्हापसा. वय ७१. हृदयाची झडप बदलल्यापासून रक्त पातळ करण्याची गोळी घेतो व रक्त किती पातळ आहे हे दाखवणारा आयएनआर दर महिन्याला तपासतो. मुलाने पुण्याहून हाडांसाठी कॅल्शियमच्या भारी गोळ्या आणल्या. पाकिटावर ‘के-२’ असे लिहिले आहे. हिरव्या भाज्या तर मी भीतीने सोडूनच दिल्या आहेत.

उत्तर : त्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. वॉरफेरिन आणि असेनोकुमारॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या विरुद्ध काम करूनच रक्त पातळ ठेवतात. वरून तेच जीवनसत्त्व दिले तर आयएनआर खाली येतो, आणि कृत्रिम झडपेवर रक्ताची गुठळी धरणे जिवावर बेतू शकते. आपल्याकडे बाजारात मिळणाऱ्या कॅल्शियमच्या अनेक गोळ्यांत हल्ली ‘के-२’ मिसळलेले असते आणि ते पाकिटाच्या मागच्या बाजूस इतक्या बारीक अक्षरांत छापलेले असते की ज्यांनी ते वाचायला हवे त्यांनाच ते दिसत नाही. आपल्या चिरंजीवांनी ते वाचले नाही, यात त्यांचा दोष मानू नका.

भाज्या सोडण्याचे मात्र कारण नव्हते. हाडातील ऑस्टिओकॅल्सिन नावाच्या प्रथिनाला कॅल्शियम धरता यावे यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते, आणि पालेभाज्या हा त्याचा मुख्य स्रोत आहे. या औषधांवरील माणसाने पालेभाजी खावी, फक्त प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. अडचण होते ती आठवडाभर काही नाही आणि श्रावणात एकदम रोज तायकिळा, अळू, मशिंगाचा पाला अशा खाण्याने. पुन्हा सुरू करताना डॉक्टरांना सांगून थोड्या प्रमाणात करा आणि पहिल्या दोन आठवड्यांत आयएनआर लवकर तपासा. रक्त पातळ करणाऱ्या नव्या पिढीच्या काही गोळ्यांना हे पथ्य नसते, पण धातूच्या झडपेसाठी त्या वापरत नाहीत. म्हणून शेजाऱ्याचे पाहून आपला नियम बदलू नये.

प्रश्न : डिचोलीहून लिहिते. रोज गव्हाच्या दाण्याएवढा विड्याचा चुना दह्यातून घेतला तर हाडांचे सर्व आजार जातात, असा संदेश आमच्या महिला मंडळात फिरतो आहे. घ्यावा का?

उत्तर : नको. गव्हाचा दाणा चाळीसेक मिलिग्रॅमचा. त्याच आकाराचा चुना अगदी कोरडा व घट्ट धरला तरी त्यातून फार तर तीस-पस्तीस मिलिग्रॅम कॅल्शियम मिळेल. ओला असेल तर त्याहून पुष्कळ कमी. ज्या दह्यात तो कालवता त्या वाटीभर दह्यात याच्या पाचपट कॅल्शियम असते. चुना दाहक आहे, प्रमाण हुकले तर तोंड व अन्ननलिका पोळते, आणि विड्यासाठी विकला जाणारा चुना औषधासारखा शुद्ध केलेला नसतो. दही तेवढे ठेवा.

प्रश्न : लहानपणी आजोबा आम्हाला मोरी माशाच्या (शार्कच्या) काळजाचे, म्हणजे यकृताचे तेल चमच्याने पाजत. आता साठीत मी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल आणि मल्टिव्हिटॅमिन दोन्ही घेतो. पावसाळ्यात मासळी बंद असते तेव्हा तर हे हवेच ना? (वास्को)

उत्तर : माशाचे तेल आणि माशाच्या यकृताचे तेल हे दोन वेगळे पदार्थ आहेत. पहिल्यात मुख्यतः ओमेगा-३ असते. दुसऱ्यात ‘ड’ थोडे आणि ‘अ’ पुष्कळ असते. मोरीच्या यकृतात तर ‘अ’ फारच जास्त असू शकते. मुलांना ‘अ’ जीवनसत्त्वाअभावी रातांधळेपणा येण्याच्या काळात आपल्या आजोबांचे बरोबरच होते. साठीत मात्र तयार स्वरूपातील ‘अ’, म्हणजे रेटिनॉल, सतत जास्त जाणे हाडांना मारक ठरू शकते. अमेरिकेतील सुमारे ७२,००० परिचारिकांच्या दीर्घ पाहणीत, ज्यांच्या पोटात रेटिनॉल सर्वांत जास्त जात होते त्यांच्यात खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट आढळले. ते २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, तरी सावध राहण्याइतके ते पुरेसे आहे. गाजर, पपई, आंबा, लाल भोपळा यांतून मिळणाऱ्या ‘अ’ला हा आक्षेप लागू नाही. आपल्या दोन्ही बाटल्यांवरील रेटिनॉलचे आकडे डॉक्टरांना दाखवा; बहुधा त्यांतली एक घरात ठेवण्याची गरज पडणार नाही.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत आपल्या पूर्वजांनी पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची सोय करून ठेवली होती, तिच्याकडे पुन्हा पाहावे असे मला वाटते. बांगडे आणि पेडवे (तारली) या तेलकट माशांत ‘ड’ असते. लहान पेडव्यांचे मऊ काटे चावून खाल्ले तर कॅल्शियमही मिळते. काटे ताटाच्या कडेला लावणाऱ्याला ते मिळत नाही. गालमो, म्हणजे सुका जवळा, सालासकट पोटात जातो, म्हणून तोही या कामाचा. फक्त खाऱ्या मासळीतील मीठ रक्तदाबाला वाईट आणि जास्त मिठाबरोबर लघवीतून कॅल्शियमही वाहून जाते, तेव्हा ती पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून, चवीपुरती घ्यावी.

प्रश्न : पेडणे तालुक्यातील आमच्या घरी माझी आई (वय ७६) पावसात न्हाणीच्या उंबऱ्याशी घसरली आणि मनगट मोडले. प्लास्टर निघाले. एका दवाखान्यात कॅल्शियम व ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि आता काळजी नाही म्हणाले. तिची उंचीही कमी झाल्यासारखी वाटते. नऊवारीच्या निऱ्या जमिनीला लागतात. आणखी कोणते जीवनसत्त्व द्यावे?

उत्तर : जीवनसत्त्व आणखी कोणतेही नको. निऱ्यांची गोष्ट आपण लिहिलीत हे फार बरे केले, कारण तीच या पत्रातील सर्वांत महत्त्वाची खूण आहे. म्हातारपणी उंची कमी होते ती पुष्कळदा मणका आपोआप दबल्यामुळे. त्या वेळी फारसे दुखतही नाही आणि घरच्यांना वाटते, वयाने पाठ वाकली. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणे आणि उंची घटणे या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या तर हाडे ठिसूळ झाली आहेत असे समजून पाठीच्या कण्याचा एक्स-रे आणि हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्यावी. डेक्सामध्ये टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडाशी तुलना करणारा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर त्याला अस्थिठिसूळता म्हणतात. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून जी मोजणी करतात तिच्यावरून हे निदान होत नाही. मणका दबलेला दिसला तर आकडा त्याहून बरा असला तरी औषध लागते.

ते औषध वेगळे असते. कॅल्शियम आणि ‘ड’ हे चिरे आणि चुना आहेत; पण भिंत रोज कोणी पाडत असेल तर नुसते चिरे आणून टाकून घर उभे राहत नाही. वाढत्या वयात, विशेषतः पाळी गेल्यानंतर, हाड झिजवणाऱ्या पेशी वरचढ होतात आणि त्यांना आवरणारी औषधे, उदाहरणार्थ आठवड्यातून एकदा घ्यायची ॲलेंड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा शिरेतून दिले जाणारे झोलेड्रोनिक ॲसिड, पुन्हा हाड मोडण्याची शक्यता खरोखर कमी करतात. मूत्रपिंडाचे काम आणि ‘ड’ जीवनसत्त्व आधी तपासून घ्यावे लागते. ‘ड’ फार कमी असताना ही औषधे दिली तर रक्तातील कॅल्शियम एकदम उतरू शकते. दात काढायचा असेल तर तो आधी काढून घ्यावा. आईंच्या गोळ्या वाया जात नाहीत, त्या या उपचाराचा पाया आहेत. पण वर्षातून एकदाच घ्या म्हणून कोणी पाच लाख युनिटांची मात्रा सुचवली तर ती घेऊ नये. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना तशी मात्रा दिली तेव्हा त्या कमी नव्हे, जास्त पडल्या आणि त्यांची हाडेही जास्त मोडली. २०१० मधील ही गोष्ट आहे.

औषधाइतकेच न्हाणीकडे पाहा. उंबऱ्याच्या बाजूला भिंतीत पकडायला दांडी बसवा, रात्री तेथे मंद दिवा राहू द्या, आणि अंगणातील चिऱ्याच्या पायऱ्यांवर जूनमध्ये धरणारे शेवाळ घासून काढा. झिजलेल्या रबरी चपला फेकून द्या. झोपेची गोळी किंवा रक्तदाबाची गोळी घेऊन उठताना डोळ्यांसमोर अंधारी येते का, हे आईंना विचारा. त्या आपण होऊन सांगणार नाहीत. भिंतीला धरून एका पायावर उभे राहण्याचा आणि खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव रोज करवून घ्या.

ॲलेंड्रोनेट सुरू झाले तर ते घेण्याची रीत काटेकोर आहे. सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर गोळी गिळायची, चहा-दूध-कॅल्शियम काहीही नाही, आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे व्हायचे नाही. नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून ती पोळते. आठवड्याचा एक वार ठरवा. पावाची टोपली घेऊन पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो त्या वेळेला गोळी द्या, आणि त्याने दिलेला गरम उंडा पाव अर्ध्या तासानंतर चहाबरोबर.